मालकाचे मत

परवा माझा एक जुना विद्यार्थी नवी मोटार घेऊन गिरगावात भेटायला आला. मोटार कसली, चालता वाडाच! पाच मीटरांहून लांब असलेले ते धूड खोताच्या वाडीत शिरेना, म्हणून रस्त्यावरच उभे राहिले. १९७० साली इंग्लंडात निघालेली रेंज रोव्हर ही या जातीची थोरली बहीण. तिचे घराणे २००८ साली फोर्टातल्या बॉम्बे हाउसच्या टाटांकडे आले.

"कशी आहे रे?" मी विचारले.

"सर, स्वर्ग!"

तो पानाच्या दुकानाकडे वळला, तसा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब दादरला जायचं तर टॅक्सी करतात. हिला उभी कुठं करणार?"

मला हसू आले. दाम मोजलेला माणूस वस्तूविषयी बोलतच नसतो. आपण फसलो नाही, एवढेच तो जगाला आणि स्वतःला बजावीत असतो. मग त्याला खोटे म्हणावे का?

तेवढ्यात तो परतला. "सर, नवी कादंबरी कशी झालीय?"

"उत्तम!" मी म्हणालो. तिचा शेवट मला स्वतःलाच पटलेला नाही, हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

वस्तूविषयी मालकाला विचारू नये, असे लिहायला बसलो होतो. आता वाटते, मालकाने निदान स्वतःला तरी विचारावे.