परकेपणा आणि निरपराधता

जुलमी राज्यकर्त्याचे चित्र रंगवताना कथाकार पुष्कळदा एखाद्या परकीय साक्षीदाराचा आधार घेतो. जाइल्स फोडेन यांच्या १९९८ च्या कादंबरीवरून केविन मॅकडोनाल्ड यांनी २००६ साली काढलेला ‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’ हा चित्रपट याच वाटेने जातो. निकोलस गॅरिगन हा तरुण स्कॉटिश डॉक्टर युगांडात येतो आणि इदी अमीनचा खासगी वैद्य होतो. अमीन इतिहासातला, डॉक्टर मात्र कल्पित. अमीनने जानेवारी १९७१ मध्ये सत्ता बळकावली, ती १९७९ पर्यंत टिकली. त्या काळातील बळींचा अंदाज तीन लाखांपर्यंत केला जातो.

या योजनेचा एक लाभ उघड आहे. फॉरेस्ट व्हिटेकर यांनी उभा केलेला अमीन आरंभी दिलखुलास, विनोदी आणि मायाळू वाटतो. डॉक्टरबरोबर आम्हीही त्याला भुलतो. हुकूमशहा प्रथमदर्शनी राक्षस दिसत नाही, हे सत्य त्यामुळे अंगावर येते.

पण आमच्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. परका असणे म्हणजे निरपराध असणे काय? गॅरिगनने शस्त्र उचललेले नाही, कोणत्याही हुकुमावर सही केलेली नाही. आरोग्यमंत्र्याला एका परदेशी माणसाशी बोलताना पाहिले, एवढेच तो अमीनच्या कानावर घालतो आणि मंत्र्याचा बळी जातो. ‘मी केवळ डॉक्टर, हा देश माझा नव्हे’ ही ढाल तेथेच गळून पडते. ज्याला राजवाड्याचा पाहुणचार चालतो, त्याला तेथील तळघराशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही. अखेरीस १९७६ च्या एंटेबी विमान अपहरणाच्या गोंधळात तो निसटतो, तोही एका युगांडी डॉक्टरने स्वतःचा जीव गमावून वाट मोकळी केल्यामुळे. गोऱ्या माणसाच्या साक्षीवर जग विश्वास ठेवील, ही त्या डॉक्टरची आशा!

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. सामान्य युगांडी माणूस बहुतांशी पार्श्वभूमीलाच राहतो. ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम निघाला. तो प्रसंगही पडद्यावर झरकन सरकतो. त्यांत गुजराती कुटुंबे पुष्कळ होती. कित्येकांचा जन्म तेथलाच, तरीही ते परके ठरवले गेले.

म्हणजे परकेपणाची दोन रूपे झाली : एक सोयीने पांघरलेला, दुसरा बळाने लादलेला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रांतात नांदलेल्या आम्हा मंडळींना हा भेद समजायला कठीण जाऊ नये. ज्या भूमीचे मीठ खाल्ले, तेथे शेजाऱ्यावर अन्याय होत असता ‘आम्ही बाहेरचे’ म्हणून दार लावून घेणे आम्हाला शोभणार नाही. कारण तसे म्हणताना आमच्या परकेपणाला पहिली मान्यता आम्हीच देत असतो.