भाकिताचे ओझे आणि अपराधाचे धनीपण

भाकित ऐकल्यानंतर माणूस जे करतो, त्याची जबाबदारी भाकितावर टाकता येते काय, या प्रश्नाला 'मॅक्बेथ'च्या वाचकाला पहिल्या अंकातच सामोरे जावे लागते. ओसाड माळरानावर भेटलेल्या तीन चेटकिणी मॅक्बेथला तीन पदांनी संबोधतात : ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि भावी राजा. पहिले पद त्याच्याकडे आहेच. दुसरे काही क्षणांतच राजाच्या दूताकरवी चालत येते. त्यासाठी त्याला हातही हलवावा लागलेला नाही. मग तिसऱ्यासाठी तरी काही करण्याचे कारण काय? हा विचार खुद्द मॅक्बेथच्या मनात येऊन जातो. परंतु त्याच्या आधीच खुनाचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिलेले असते. चेटकिणींनी खुनाचा शब्दही उच्चारलेला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

शेक्सपिअरने हे नाटक १६०६च्या सुमारास लिहिले, तेव्हा त्याच्यासमोर हॉलिन्शेडचा इतिहासग्रंथ होता. मूळ ग्रंथातला डंकन तरुण आणि राज्यकारभारात दुबळा आहे. तेथील मॅक्बेथपाशी राज्यावरील आपला हक्क डावलला गेल्याची तक्रार आहे, बँकोसह काही मित्रांची संमती आहे, आणि मुख्य म्हणजे गादीवर आल्यावर दहा वर्षे त्याने चांगला, कायद्याचा कारभार केला असे तेथे नोंदलेले आहे. शेक्सपिअरने यातले जवळजवळ सर्व काढून टाकले. त्याचा डंकन वयोवृद्ध, कृतज्ञ आणि त्या रात्री मॅक्बेथच्याच घरचा पाहुणा आहे. सुराज्याची दहा वर्षे पार नाहीशी झाली आहेत. बँकोला निर्दोष ठेवण्यामागे, पहिला जेम्स राजा त्याला आपला पूर्वज मानी, हे व्यावहारिक कारण होतेच. पण एवढ्याने उलगडा होत नाही. अपराध्याच्या बचावासाठी जे जे पुढे करता आले असते, ते ते नाटककाराने एकेक करून दूर केले आहे. उरला तो केवळ एक माणूस आणि त्याची इच्छा.

बँकोने तेच भाकित ऐकलेले आहे. त्याचे वंशज राजे होणार, असे त्यालाही सांगितले गेले आहे. त्याला रात्री वाईट स्वप्ने पडतात, मोह त्यालाही होतो. तो निष्पाप नाही, आणि पुढे मॅक्बेथविषयी संशय येऊनही गप्प बसतो हा त्याचा दोषच म्हणावा लागेल. तथापि तो सुरी हाती घेत नाही. एकाच माळरानावर एकाच वेळी ऐकलेले शब्द दोघांना दोन वाटांनी नेतात, तेव्हा त्या वाटा शब्दांतून निघाल्या असे म्हणता येत नाही.

मराठी मनाला हा प्रश्न परका नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. पेशवे अवघे अठरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. जीव वाचवण्यासाठी पुतण्या धावला तो त्या चुलत्याच्याच मिठीत. नारायणरावांना 'धरावे' असा हुकूम रघुनाथरावांनी दिला होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच होऊन बसला. या अक्षरबदलाला समकालीन कागदपत्रांचा निर्णायक आधार मिळत नाही. तरीही कथा टिकली, कारण तिने एक सोय केली. धरण्याचा हुकूम काढणाऱ्या पुरुषाला तिने निम्मे सोडवले आणि उरलेले पाप एका अक्षराच्या व एका स्त्रीच्या माथी मारले. शेक्सपिअरने जे काढून टाकले तेच लोककथेने भरून दिले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकात ही कथा रंगभूमीवर आली, आणि तिच्यातील आनंदीबाईंवर लेडी मॅक्बेथची छाया अभ्यासकांना दिसत आली आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी त्याआधीच 'मानाजीराव' या नावाने 'मॅक्बेथ'ला मराठी वेष दिला होता. पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' मुंबई मराठी साहित्य संघाने रंगभूमीवर आणले व दुर्गा खोटे यांनी त्यात लेडी मॅक्बेथची भूमिका केली. या नाटकाकडे मराठी लेखक पुन्हा पुन्हा का वळले असावेत, याचे उत्तर त्यांच्या काव्यगुणांइतकेच शनिवारवाड्यातही शोधावे लागते. लेडी मॅक्बेथ नवऱ्याला डिवचते, त्याच्या पौरुषाला आव्हान देते, हे खरे. पण जे त्याने आधी मनात आणलेच नव्हते असे काही ती सुचवत नाही. पुढच्या खुनांत तर तिला विश्वासातही घेतलेले नाही. झोपेत हात धुणारी ती स्त्री आपल्या वाट्याचा अपराध आपलाच मानते. नवऱ्याला ते जमत नाही.

भारतीय कथापरंपरेत भाकिताचे आणखी एक रूप आहे, आणि ते आजही तोंडी परंपरेत जिवंत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम केलेल्या, जवळच्याच गनियारी गावच्या तीजनबाईंमुळे पंडवानी देशभर पोहोचली. या गायनात एकच कलावंत हातातल्या तंबुऱ्याची कधी गदा करतो, कधी रथ. भीमही तोच, दुःशासनही तोच. ज्या महाभारताचे हे आख्यान, त्यात दुर्योधन जन्मतो तेव्हा कोल्हे ओरडतात आणि विदुर धृतराष्ट्राला सांगतो की कुळाच्या रक्षणासाठी या एकाचा त्याग कर. येथे अपशकुन राज्य देत नाही, त्याग मागतो. धृतराष्ट्राला तो करवत नाही. त्याच्या अंधत्वाहून ही असमर्थता अधिक भयंकर, कारण तिला पुत्रप्रेमाचे नाव आहे. कंसाचे उदाहरण याच्या उलट टोकाचे : आपला मृत्यू देवकीच्या आठव्या अपत्याकडून आहे हे ऐकताच तो कारागृहात अर्भके मारू लागतो.

मॅक्बेथच्या अधःपतनाचे टप्पे या उदाहरणांजवळ ठेवून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट दिसतात. पूर्वार्धात भाकित खरे व्हावे म्हणून तो खून करतो. उत्तरार्धात ते खोटे ठरावे म्हणून. बँकोच्या मुलावर मारेकरी घालताना तो कंसाच्या वाटेला लागलेला असतो. पहिल्या वेळी चेटकिणी त्याला वाटेत भेटल्या होत्या, दुसऱ्या वेळी तो स्वतः त्यांना शोधत जातो. मॅकडफपासून सावध राहा, हा इशारा मिळतो त्याच भेटीनंतर मॅकडफ इंग्लंडला निघून गेल्याची वार्ता येते, आणि मॅक्बेथ त्याच्या बायकामुलांची कत्तल करवतो. या हत्येतून त्याला काहीही मिळायचे नाही. डंकनच्या खुनानंतर प्रार्थनेतला एक शब्द घशात अडकला म्हणून कासावीस झालेला हा माणूस. आता हातून घडण्यापूर्वी विचार करायचा नाही, असेच तो ठरवतो. अखेरीस पत्नीच्या मृत्यूची बातमीही तो थकल्या मनाने ऐकतो. जुलमी राजाची शिक्षा तलवारीने होते त्याच्या पुष्कळ आधी ती अशी सुरू झालेली असते.

परंतु जुलूम एकट्याने चालत नाही. मॅक्बेथ घरोघरी पगारी हेर ठेवतो, आणि सरदार मेजवानीला येतच राहतात. चौथ्या अंकात माल्कम मॅकडफची परीक्षा पाहतो तो प्रवेश रंगमंचावर अनेकदा कापला जातो, हे अन्यायाचे आहे. माल्कम स्वतःवर खोटे दोष घेतो. आपण कामांध आहोत, असे म्हणतो. मॅकडफ ते चालवून घेतो. आपण लोभी आहोत, असे म्हणतो. स्कॉटलंडजवळ तेवढी संपत्ती आहे, असे उत्तर मिळते. राजाचा एकही गुण आपल्यात नाही, असे तो सांगतो तेव्हा कोठे मॅकडफचा बांध फुटतो. चांगली माणसे किती खाली उतरेपर्यंत तडजोड करतात, याचे एवढे निर्दय मोजमाप अन्यत्र क्वचितच आढळेल. तरीही हा तोच मॅकडफ आहे, जो नव्या राजाच्या राज्याभिषेकाला स्कोनला न जाता आपल्या घरी फाइफला गेला होता.

पुण्यातही एक माणूस असाच निघून गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष रघुनाथरावांवर ठेवला, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि शहर सोडले. अक्षर कोणी बदलले याची चर्चा त्यांच्या निर्णयाला शिवत नाही. नारायणरावांच्या विधवेला १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला. त्या बाळाच्या नावाने बारभाईंनी कारभार हाती घेतला, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले.