जन्मपत्रिका नसलेलं लोखंड

तुमसर-तिरोडी रेल्वेमार्गावरच्या चिखल्याच्या जमिनीखालून मँगनीज निघतं. पोलादात ते नसेल तर गंधक लोखंडाशी जुळतो आणि तापलेला धातू घणाखाली फुटतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातही हे मँगनीज असतं, साधारण एक टक्का. तो पाटा तुटला की भंगारात येतो आणि लोहाराच्या भट्टीत त्याचा विळा नाहीतर कोयता होतो. कुठलं लोखंड पाणी धरतं, कुठलं नाही, हे लोहार ठिणगी आणि रंग बघून सांगतो. या ज्ञानाला ‘जुगाड’ म्हणणं मला पटत नाही. त्या शब्दात कौतुक आहे, पण विचारपूस नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सुट्या भागांतून किकनं सुरू होणारी चारचाकी बनवली. खर्च सुमारे साठ हजार. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची वाखाणणी केली, ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल असंही लिहिलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. देणाऱ्याचं मन मोठं, यात शंका नाही. पण कारागिराला तयार गाडी मिळाली; त्यानं घडवलेली गाडी तपासून घेण्याची वाट मात्र मिळाली नाही.

हळू चालणाऱ्या गाडीत भंगारातले भाग खपून जातात. वेगासाठी भाग घडवायला घेतला की हिशेब बदलतो. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात कनेक्टिंग रॉड सेकंदाला दोनशे वेळा दिशा बदलतो. फेरे दुप्पट झाले तर त्याच्यावरचा ताण चौपट होतो. आणि भंगारातल्या लोखंडाला जन्मपत्रिका नसते. आधीच्या आयुष्यात त्यानं किती हिसके खाल्ले, आत केसाएवढी चीर आहे का, हे रंगावरून कळत नाही. विळा तुटला तर विळाच जातो. रॉड तुटला तर इंजिनाचं कवच फोडून बाहेर येतो.

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी हे किंमत मोजून शिकून घेतलं होतं. १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल, पिस्टन घरी ओतलेले, रॉड ट्रॅक्टरच्या आसातून हातानं घडवलेले. १९६७ मध्ये अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी हजार सीसीखालच्या वर्गात ताशी २९५ किलोमीटरच्या पुढचा विक्रम केला. मला मात्र त्या विक्रमापेक्षा त्यांचं फडताळ महत्त्वाचं वाटतं. मोडलेले पिस्टन आणि रॉड त्यांनी फेकले नाहीत, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून मांडून ठेवले. आपल्या गॅरेजांत मोडलेला भाग त्याच दिवशी पुन्हा भंगारात जातो आणि तो का मोडला हेही त्याच्याबरोबर जातं.

चिखल्यासारख्या भूमिगत खाणीच्या गावाला तपासण्याची शिस्त नवी नाही. माणसं खाली नेणाऱ्या केजचा दोर धडधाकट दिसला तरी तपासला जातो. दिसण्यावर कुणी विसंबत नाही.

कायद्यानं मात्र तपासणीऐवजी बंदी पसंत केली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतले मूळ तपशील बदलू देत नाही. कर्णकर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली जातात तेव्हा मलाही बरं वाटतं. पण ब्रिटनमध्ये हौशी माणसानं घरी बांधलेली गाडीसुद्धा स्वतंत्र तपासणी पार करून रस्त्यावर येऊ शकते. आपल्याकडे अशी मुभा आहे ती ‘बाहा’सारख्या गाडी-बांधणीच्या स्पर्धेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, तीही मैदानापुरती. तिथे ब्रेक लावल्यावर चारही चाकं जाम झाली नाहीत तर गाडी शर्यतीत उतरत नाही. गावातल्या फॅब्रिकेटरला ना मैदान, ना परीक्षक.

रस्त्यावर काहीही चालू द्या, असं मी म्हणत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग भंगारातून घडवूच नयेत. तिथली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते. बाकीच्या भागांसाठी सुरुवात स्वस्तात होऊ शकते. आयटीआयच्या कार्यशाळेत तीन डबे ठेवले तरी पुरे: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. भाग साफ करायचा, रंग मुरू द्यायचा, पुसायचा, मग डेव्हलपर मारायचा. पृष्ठभागावर चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ओतीव पिस्टनच्या पोटातली पोकळी यानं दिसत नाही. तिच्यासाठी अल्ट्रासाउंड किंवा क्ष-किरण लागतो, आणि तो खर्च एकट्या गॅरेजवाल्यावर टाकता येणार नाही.