परभाषेच्या दारी

परकी भाषा कशी शिकावी, हा प्रश्न पूर्वी थोड्या घरांत विचारला जाई. आता तो गल्लोगल्ली ऐकू येतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केला आणि परिचारिका झालेल्या मुलींच्या, वीजजोडणीचे काम शिकलेल्या मुलांच्या घरी जर्मनची पुस्तके दिसू लागली. आमच्या सोलापुरातही दिसू लागली. भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. किती महिने लागतात, आणि कोणती पद्धत चांगली?

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. भाषाशास्त्राच्या नावाने बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आयुष्याची वीस वर्षे वर्गात मुलांना भाषा शिकविताना, आणि उरलेल्या वेळात कादंबरीतील माणसांच्या तोंडी त्यांची त्यांची भाषा घालण्याची धडपड करताना, एक गोष्ट माझ्या मनाशी पक्की होत गेली आहे. परभाषा कशी शिकावी याच्या अगोदर ती कोणाकरिता शिकावी, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर सापडले की पद्धत आपोआप सापडते. आणि हा दुसरा प्रश्न व्याकरणाचा नाही. तो नीतीचा आहे.

या बाबतीत आम्हां सोलापूरकरांना उदाहरण शोधावयास लांब जावे लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी याच गावी जन्मले. जपानच्या आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. चौघे परत आले. कोटणीस आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. त्यांचे सोलापुरातील घर आता स्मारक म्हणून जपले आहे. त्यांच्या त्यागाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मला आज त्यांच्या एका लहानशा दिसणाऱ्या कामाविषयी बोलावयाचे आहे. ते चिनी भाषा शिकले.

हे काम खरोखर लहान होते काय? बोटीत बसताना ते सत्तावीस वर्षांचे, शिकून तयार झालेले डॉक्टर होते. त्या वयात आणि त्या प्रतिष्ठेत त्यांना पुन्हा बिगरीच्या वर्गात बसावे लागले. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. हजारो चिन्हे एकेक करून डोक्यात बसवावी लागतात. उच्चारांची तऱ्हा त्याहून अवघड. ‘माय’ हा शब्द आवाज खाली नेऊन वर उचलला तर ‘विकत घेणे’ होतो, आणि वरून झटक्याने खाली आणला तर ‘विकणे’ होतो. घेणे आणि विकणे यांत नुसत्या सुराचे अंतर! आमच्या मंगळवार पेठेतल्या व्यापाऱ्याला हे सांगितले तर तो कपाळाला हात लावील. अशा भाषेत कोटणीस बोलू लागले, वाचू-लिहू लागले, आणि पुढे डॉ. बेथ्यून यांच्या नावे चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाल्यावर तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे शास्त्र चिनीतूनच शिकवू लागले. त्या विषयावरचे पुस्तकही त्यांनी चिनीत लिहावयास घेतले. १९३९ च्या प्रारंभी ते येनानला पोहोचले होते, १९४२ च्या अखेरीस सारे संपले. मधली वर्षे चार देखील भरत नाहीत, आणि त्यांतही लढाईची धावपळ होती.

येथे कोणी म्हणेल, की सेवेला भाषा कशाला हवी? ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय होते, ते कॅनडाचे डॉ. बेथ्यून दुभाष्याच्या मदतीने काम करीत, आणि जखमींची शुश्रूषा करता करताच रक्तात विष भिनून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या करुणेत काय उणे होते? काही उणे नव्हते. भाषेवाचून दया करता येत नाही असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. परंतु दुभाषी काय करतो, ते पाहावे. तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणून देतो. न विचारलेले त्याला आणता येत नाही. आपल्याच भाषेकडे पाहा. आपल्याला नुसते दुखत नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा पडतो, ठुसठुसते, चुरचुरते. खेड्यातल्या आजीबाई डॉक्टरांपुढे बसून हे शब्द वापरतात, तेव्हा अर्धे निदान त्यांनीच केलेले असते. दुभाष्याच्या हाती या सगळ्याचे ‘दुखते’ एवढेच होऊन जाते. रात्री कण्हणारा जखमी शिपाई स्वतःशी पुटपुटतो, आईला हाक मारतो. ते कानावर पडून समजावे, एवढ्यासाठी भाषा लागते.

कोटणिसांनी चिनी शिकून चिनी लोकांना आपले ज्ञान दाखविले, असे मला म्हणावयाचे नाही. त्यांनी आपला कान त्यांना दिला. भाषा शिकणे म्हणजे बोलता येणे, अशी आपली समजूत असते. माझ्या मते भाषा शिकणे म्हणजे प्रथम ऐकता येणे. आणि ऐकावयाचे तर ज्याचे ऐकावयाचे त्याला आपल्याहून मोठा मानावे लागते, निदान तेवढ्या घटकेपुरते तरी.

न्यायमूर्ती रानड्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. १८८६ साली सरकारी समितीच्या कामासाठी ते कलकत्त्यास राहिले असता त्यांनी बंगाली शिकावयास घेतले. हजामत चालली असताना ते पुस्तक वाचीत आणि अडलेले शब्द हजामत करणाऱ्यालाच विचारीत. रमाबाईंना ते पाहून हसू आले. आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. हा कसला गुरू, अशी थट्टा झाली आणि दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचीही आठवण निघाली. यातला विनोद बाजूला ठेवला तरी शहाणपण उरते. ज्याच्या घरची भाषा असेल तो शिक्षक. मग त्याचा धंदा, शिक्षण, वय काही असो. परभाषेच्या दारी आपली पदवी बाहेर काढून ठेवावी लागते, देवळात जाताना वहाणा ठेवतो तशी.

मात्र सर्वांना एकच मार्ग सांगणे बरोबर नव्हे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी पुस्तकांच्या आधारे जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. त्यांना जर्मन माणसाशी बोलावयाचे नव्हते, जर्मन पंडितांचे ग्रंथ वाचावयाचे होते. त्यांच्या कामाला व्याकरण आणि कोश पुरे होते. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगते, ग्रंथाकरिता शिकत असाल तर ज्या पुस्तकाची खरी ओढ आहे तेच पहिल्या दिवसापासून समोर ठेवा. कोश हाताशी असू द्या, उच्चार चुकले तरी पुस्तक रुसत नाही. पण माणसांकरिता शिकत असाल, तर आधी कान तयार करा. रोज थोडे ऐका, ऐकलेले मोठ्याने म्हणा. शब्द सुटा पाठ न करता वाक्यात पाठ करा. आणि पहिल्या दिवसापासून चुका. लहान मूल भाषा लवकर उचलते, याचे एक कारण असे, की त्याला अजून अब्रू नसते. मोठ्या माणसाच्या घशात शब्द अडकतो, तो बहुधा अब्रूला अडकतो.

आता या चुकांविषयीच थोडे बोलावयाचे आहे, कारण आपल्या सगळ्यांच्या नीतीची परीक्षा तेथे होते.

जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. परंतु त्यांचे वाटप निराळे. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! आपला चमचा त्यांच्याशी जुळला, पण काटा आणि सुरी हातातून निसटली. असे का, याला कारण नाही. पाठ करणे आले, आणि पाठ होईपर्यंत चुकणे आले. आमच्या सोलापूरची एखादी हुशार परिचारिका तिकडच्या रुग्णालयात जाईल आणि पहिले सहा महिने तिच्या तोंडून काटा आणि सुरी चुकत राहतील. त्या वेळी खाटेवरचा म्हातारा हसला तर? किंवा हसला नाही, आणि सावकाश, दुसऱ्यांदा, बरोबर शब्द उच्चारून दाखविला तर? तिचे पुढचे सारे आयुष्य या दोहोंपैकी काय घडते यावर अवलंबून राहील. आपण सगळे देवापाशी मागू, की तो न हसो.

पण मग आपण स्वतः काय करतो? सोलापूर हे एका भाषेचे गाव कधीच नव्हते. येथील चादरीने गावाचे नाव दूरवर नेले, ती विणणारी पद्मशाली घराणी तेलंगणातून आलेली. पूर्व भागात आजही घराघरांत तेलुगू बोलली जाते. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने सारे गाव लोटते, त्यांची बाराव्या शतकातील वचने कानडीत आहेत. गावदेवाची वाणी आपल्यातील किती जणांना मुळातून समजते? तेलुगू घरातील मूल सहाव्या वर्षी मराठी शाळेत येते, तेव्हा ते परभाषेच्याच दारात उभे असते. तेलुगूत निर्जीव वस्तूंचे असे तीन लिंगांत वाटप नाही. त्याला तो पेला, ती वाटी आणि ते ताट हे आपल्या काटा-सुरीइतकेच अकारण वाटते.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. आई विड्या वळणारी, वडील यंत्रमागावर. एकदा उत्तर देताना तो ‘ती ताट’ म्हणाला. वर्ग हसला. मुले दुष्ट नव्हती. घरी मोठी माणसे हसतात तशीच हसली. त्या दिवसापासून त्याने हात वर करणे सोडले. पुढे पुढे पाण्याला जायचे तरी तो बोटाने खूण करी. शिक्षकाचे काळीज अशा मुक्या मुलाने जितके पोखरते तितके खोडकर मुलाने पोखरत नाही. आठवडाभराने मी त्याला फळ्यापाशी बोलाविले आणि म्हटले, ‘‘बाळ, आज तू आम्हांला तेलुगू आकडे शिकव.’’ तो पुष्कळ वेळ खाली पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु.’’ वर्गाने म्हणून पाहिले. तिसऱ्या-चौथ्या आकड्यावर निम्मा वर्ग घसरला. आता हसला तो, आणि लगेच गंभीर होऊन त्याने पुन्हा सावकाश म्हणून दाखविले. ‘‘असं नव्हं बाई, ‘नालुगु’!’’ हे वाक्य त्याने मराठीतच म्हटले. आपण मराठी बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानातही नव्हते.

त्या मुलाचे सगळे दुःख एका तासात संपले, असे मी सांगणार नाही. शाळेबाहेर हसणारी माणसे पुष्कळ असतात. पण त्या दिवसापासून निदान वर्गात चुकण्याचा हक्क सर्वांचा झाला. परदेशी भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आपण जगाकडून हाच हक्क मागत असतो. जो हक्क आपण मागतो, तो शेजारच्या मुलाला नाकारता येत नाही. कोटणिसांना तिकडच्या लोकांनी तो दिला असला पाहिजे. एरव्ही चार वर्षांच्या आत परका माणूस त्यांच्या भाषेतला अध्यापक झाला नसता. शिकणाऱ्याचा नम्रपणा आणि शिकविणाऱ्याची सबुरी, अशा दोन हातांनी ही टाळी वाजते.

आणखी एक भीती घरोघर असते. परभाषा शिकता शिकता मूल आपले राहील ना? या भीतीला मी हसत नाही. ती प्रेमातूनच आलेली असते. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर होते. त्याचा अर्थ चीन. पण १९४२ साली कोटणिसांना आणि त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान यांना मुलगा झाला, तेव्हा त्याचे नाव ‘यिन्‌ह्वा’ ठेवले गेले. ‘यिन्’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. नव्या अक्षराने जुन्याला घालविले नाही, शेजारी जागा दिली. ज्याला आपल्या भाषेचा खरा जिव्हाळा आहे, त्यालाच दुसऱ्याला त्याच्या भाषेचा किती जिव्हाळा असेल हे कळते.

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत फराळाची ताटे घरोघर जातात. आपल्या आळीत एखादे तेलुगू, कानडी, उर्दू किंवा गुजराती बोलणारे घर असेल. यंदा ताट घेऊन लहान मुलांना तेथे धाडाल, तेव्हा त्या घरच्या भाषेतील एक वाक्य त्यांना आधी शिकवून पाठवा. स्वतःला येत नसेल तर त्याच घरच्या मुलाला बोलावून विचारा. वाक्य चुकेल. ते घर ते दुरुस्त करून देईल. ताट रिकामे परत येत नाही, असा आपल्याकडचा रिवाजच आहे.