अर्थवाद आणि विधी

जैमिनीच्या पूर्वमीमांसेत, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, एक मार्मिक वाद आला आहे. मनुष्याला कर्माकडे प्रवृत्त करणे हे वेदाचे प्रयोजन आहे असे एकदा मान्य केले, म्हणजे ज्या वाक्यांत कर्तव्य असे काहीच सांगितलेले नाही, केवळ एखाद्या देवतेची स्तुती अथवा एखादे आख्यान आहे, त्या वाक्यांना प्रामाण्य कोठून येणार, असा तेथे पूर्वपक्ष आहे. वायू ही अत्यंत शीघ्रगती देवता आहे, हे वाक्य घ्या; ते ऐकून यजमानाने करावयाचे काय? यावर सिद्धान्ती सांगतो की हे वाक्य एकटे उभे नाही. ऐश्वर्याची इच्छा असणाऱ्याने वायूप्रीत्यर्थ याग करावा, या विधीशी, म्हणजे कर्तव्य सांगणाऱ्या वाक्याशी, ते जोडलेले आहे. दोहोंचे मिळून एकच वाक्य होते आणि त्या विधीची प्रशंसा करण्यापुरते त्याला प्रामाण्य लाभते. विधीपासून तोडलेल्या स्तुतीला, म्हणजे शास्त्राच्या परिभाषेतील अर्थवादाला, स्वतःचे असे बळ नाही.

यज्ञशाळेतील हा निर्णय पेढीवर आणि कारखान्यात नेऊन पाहण्यासारखा आहे. आजच्या कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दफ्तरात दोन जातींची वाक्ये सापडतात. आपण कोणासाठी आहोत, कोणाच्या कोणत्या गरजा भागवतो आणि आपला पैसा कोणत्या न्याय्य मार्गाने येतो, हे सांगणारी पहिल्या जातीची वाक्ये वार्षिक अहवालाच्या आरंभीच्या पानांवर असतात. किती विकावे, किती मुदतीत विकावे, कोणती कसूर चालेल आणि कोणाला बढती मिळेल, हे ठरविणारी दुसऱ्या जातीची वाक्ये कारकुनाच्या टेबलावर, कारखान्याच्या पाळीत आणि महिनाअखेरच्या तक्त्यात असतात. व्यवसायाची कल्पना आणि कारभाराची वहिवाट यांचा मेळ कितपत बसतो, हे मोजण्यासाठी व्यवस्थापनशास्त्राने कोष्टके तयार केली आहेत, आणि त्या शास्त्रापुरती ती उपयुक्तही असतील. मला मात्र हा प्रश्न मुळात धर्मविचाराचा वाटतो. कारण बोलणे आणि वागणे यांतील अंतराला मनुष्याच्या बाबतीत आपण बेधडक असत्य म्हणतो, परंतु संस्थेच्या बाबतीत त्याच अंतराला काय म्हणावे आणि त्याचा दोष कोणाच्या पदरी घालावा, याचा निर्णय आपण अद्याप केलेला नाही.

अडचण अशी की मनुष्याला अंतःकरण आहे. वचन मोडले असता ते टोचण्याची निदान शक्यता तरी असते. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. १८९६ साली सॉलोमन नावाच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी ही तिच्या भागधारकांहून सर्वस्वी भिन्न व्यक्ती होय असा निवाडा दिला. पुढे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका घराण्यातील कुलदेवतेच्या वादात देवतेलाही कायदेशीर व्यक्ती मानले, आणि सेवेकऱ्यांच्या भांडणात तिची बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र प्रतिनिधी असावा असे ठरविले. या दुसऱ्या निवाड्यातील सूक्ष्म धर्मदृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. जी व्यक्ती स्वतः बोलू शकत नाही तिचे हित तिची वहिवाट करणाऱ्यांच्या सोयीत विरून जाऊ नये, ही काळजी तेथे न्यायाधीशांनी वाहिली. कंपनीच्या घोषित हेतूची बाजू मांडण्यासाठी असा प्रतिनिधी कोणी नेमत नाही. तो हेतू टिकावयाचा असेल तर त्याला कारभाराच्या शिरस्त्यातच घर मिळाले पाहिजे.

असे घर मिळाल्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी, छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाकडून ऐंशी रुपये उसने घेऊन, आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था येथून वाढली. तिची कथा पुष्कळदा ऐंशी रुपयांच्या चमत्काराची कथा म्हणून सांगितली जाते, आणि म्हणूनच तिच्यातील खरा विचार दृष्टीआड होतो. कुणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही, आणि संस्थेत काम करणारी प्रत्येक स्त्री मजूर नसून मालकीची वाटेकरीण आहे, ही या संस्थेची मूळ प्रतिज्ञा. व्यवसाय, कुटुंब आणि भक्ती ही तीन तत्त्वे ती आपली म्हणून सांगते. हा झाला तिचा अर्थवाद, आणि इतका सुंदर अर्थवाद छापून घेणे कोणत्याही पेढीला अवघड नाही.

परंतु या प्रतिज्ञेखाली विधी कोणते आहेत ते पाहावे. उडदाचे पीठ, मिरी, हिंग आणि पापडखार घालून शाखेत एकाच ठिकाणी मळले जाते, म्हणजे चवीचा भार एकट्या घरावर पडत नाही; सकाळी बहिणी येतात, आदल्या दिवशी घरी लाटून वाळवलेले पापड वजन करून व तपासून देतात, लाटण्याची मजुरी घेतात आणि नवे मळलेले पीठ घरी नेतात. नफा-तोटा सर्वांचा. पुरुषाला येथे पगारी नोकरी करता येते, सभासद होता येत नाही. पापड लाटण्याची यंत्रे बाजारात असताना लाटणे हातानेच होते, कारण घराबाहेर न पडू शकणाऱ्या स्त्रीच्या हातास काम देणे हेच जर प्रयोजन, तर तिचा हात वगळून केलेली काटकसर ही प्रयोजनाचीच हानी ठरेल. आरंभी या स्त्रिया दोन प्रतींचे पापड करीत, उत्तम प्रतीचे आणि स्वस्तात विकण्यासाठी हलक्या प्रतीचे. तेव्हा छगनलाल पारेख, म्हणजे सर्वांचे छगनबापा, यांनी एकच प्रत ठेवा, गुणवत्तेत तडजोड करू नका आणि जमाखर्च चोख लिहा, असा सल्ला दिला. हा सल्ला व्यापारी वाटतो, पण त्याचे स्वरूप विधीचे आहे. पहिल्या वर्षी पावसाने चार महिने काम बंद पडले, कारण उन्हावाचून पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. वर्षभर काम देण्याचे वचन ज्या दिवशी खाटेखालच्या स्टोव्हपर्यंत उतरले त्या दिवशी ते वचन प्रमाण झाले, असे मीमांसक म्हणाला असता. पुढे १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. परंतु सरकारी शिक्का मिळण्यापूर्वीच तिच्या कल्पनेचे आणि कारभाराचे एकवाक्य झालेले होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेचे. ग्राहकाच्या आर्थिक गरजा भागवाव्या आणि त्याच्याशी दीर्घकाळचा संबंध जोडावा, ही तिची घोषित कल्पना होती, आणि त्या कल्पनेत दोष नव्हता. पण त्या संबंधाचे माप म्हणून प्रत्येक कुटुंबास बँकेची आठ खाती वा सेवा विकण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि शाखांतील कारकुनांवर रोजच्या विक्रीचा तगादा बसला. परिणाम असा झाला की ग्राहकांच्या संमतीवाचून, कित्येकदा त्यांच्या नकळत, खाती उघडली गेली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलरांचा दंड झाला. त्यापूर्वीच्या काही वर्षांत सुमारे ५३०० नोकरांना तिने कामावरून काढले होते, आणि पुढच्या वर्षी अशा संशयास्पद खात्यांचा अंदाज सुमारे ३५ लाखांवर गेला. या नोकरांना कोणी चोरी करा असा हुकूम दिला नव्हता. हुकूम फक्त आकड्याचा होता, आणि त्या आकड्यावर त्यांचे पोट अवलंबून होते. नियत कर्म इमानाने करावे तर खोटी सही करावी लागते, आणि खोटी सही टाळावी तर नियत कर्मात कसूर होते, अशा पेचात ज्याने त्या कारकुनाला उभे केले, त्याच्या हातात लेखणी होती पण गुन्ह्याची सही त्याची नव्हती. कर्मविपाकाची आपली जुनी कल्पना कर्त्याला शोधते. येथे करणारा एक आणि करविणारा दुसरा. आपल्या धर्मशास्त्राने प्रयोजक कर्त्यालाही दोषाचा भागीदार मानले आहे, ते उगाच नव्हे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग ज्या कंपनीची कल्पना आणि कारभार यांत तसूभरही अंतर नाही ती धार्मिक म्हणावयाची काय? या आक्षेपाचे उत्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूच्या मक्त्यात सापडते. १७७३ पासून बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीकडे होता. चीनच्या बादशाहीने अफूस बंदी केलेली, आणि चहाच्या व्यापारासाठी कंपनीला चीनची मर्जी तर हवी. तेव्हा कंपनीने आपल्या स्वतःच्या गलबतांतून अफू नेण्यास मनाई केली, कलकत्त्यास अफूचे लिलाव मांडले, आणि माल खाजगी व्यापाऱ्यांच्या हवाली करून पुढील चोरट्या आयातीकडे पाठ फिरवली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाऊ लागली तेव्हा तिच्यावर परवान्याची जकात बसवली. व्यवसायाची रचना आणि रोजचा कारभार यांचा इतका निर्दोष मेळ क्वचितच दिसेल, आणि त्यातून चीनमधील लक्षावधी माणसे व्यसनाच्या गर्तेत गेली. यावरून सुसंगती म्हणजे धर्म नव्हे हे उघड होते. सुसंगती ही फक्त सत्याची पहिली पायरी आहे: संस्था जे आहे ते तिच्या विधींतून वाचता येते, एवढाच तिचा अर्थ. विधी कोणते फळ देतो, कोणाच्या घरी देतो, हा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो. परंतु ज्या संस्थेचा अर्थवाद एकीकडे आणि विधी दुसरीकडे, तिच्याविषयी तो पुढचा विचार करणेही अशक्य होते, कारण न्याय करावयाचा तो नेमका कोणत्या वस्तूचा, हेच समोर येत नाही.

धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, या गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचारावर असा एक आरोप नेहमी होतो की त्याची सारी भिस्त धनिकाच्या हृदयपरिवर्तनावर आहे. पण गांधीजींचे सहकारी किशोरलाल मशरूवाला व नरहरी परीख आणि अर्थशास्त्रज्ञ दांतवाला यांनी त्या विचाराचा जो मसुदा केला आणि गांधीजींनी दुरुस्त केला, त्यात मालकीचे कायद्याने नियमन आणि किमान व कमाल उत्पन्नाची मर्यादा यांना जागा आहे. म्हणजे अंतःकरणाला हाक घालणाऱ्या विचारवंतांनाही शेवटी विधी लिहावा लागला. आत्म्यावाचून असलेल्या व्यक्तीस धर्म शिकविण्याचा याहून दुसरा मार्ग नाही. तिचा धर्म तिच्या तराजूत, मजुरीच्या दरात, कीर्द-खतावणीत आणि बढतीच्या नियमात राहतो. तेव्हा कंपनीच्या नीतीविषयी जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर अहवालाची प्रस्तावना लिहिणाऱ्याकडे शोधण्यापेक्षा, उद्दिष्टांचा तक्ता आखणाऱ्याकडे शोधणे अधिक न्याय्य होईल.