निरोग्यांचें मत आणि रोग्याचा हक्क

एखाद्या नदीवर धरण बांधावयाचें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, तर ज्यांचीं शेतें भिजणार ते आणि ज्यांचीं बुडणार ते, दोघेही आपापलें हित ओळखून बोलतात. रुग्णसेवेचा प्रश्न तसा नाहीं. येथें ज्यांचें मत विचारलें जातें ते बहुतेक आज निरोगी असतात. आणि ज्यांचें आयुष्य त्या मतावर टांगलेलें असतें ते रोगी संख्येनें थोडे, व बोलण्याचें त्राण नसलेले असे असतात. शिवाय आजच्या निरोग्यांपैकींच कोणी तरी उद्यांचा रोगी व्हावयाचा असतो; मात्र तो कोण, हें कोणासच ठाऊक नसतें. अशा विषयांत बहुमताला किती मान द्यावा, हा आमच्या मतें केवळ राजकारणाचा नव्हे, तर नीतीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा ऊहापोह अमेरिकेंत जितका दीर्घकाळ व जितक्या कडवटपणें झाला, तितका क्वचितच कोठें झाला असेल. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें तिकडे स्थायिक झालीं असल्यामुळें तेथील विम्याच्या हप्त्यांची कहाणी त्यांस अगदींच अपरिचित नसेल. अध्यक्ष ट्रूमन यांनीं नोव्हेंबर १९४५ मध्यें राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढें मांडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेनें तिच्याविरुद्ध प्रचाराची मोठी आघाडी उघडली, ‘समाजसत्तावादी वैद्यक’ हा बागुलबुवा घरोघर पोंचविला, आणि योजना बारगळली. पुढें १९६५ सालीं पासष्टी गांठलेल्या वृद्धांसाठीं ‘मेडिकेअर’ निघाली. ३० जुलै रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं ट्रूमन यांच्या गांवीं, इंडिपेंडन्स येथें, जाऊन त्यांच्या समक्ष त्या कायद्यावर सही केली. अध्यक्ष क्लिंटन यांनीं १९९३ सालीं मांडलेली योजना पुढच्याच वर्षीं लयास गेली. अखेर २३ मार्च २०१० रोजीं अध्यक्ष ओबामा यांच्या सहीनें एक व्यापक कायदा झाला.

तथापि वाद मिटला नाहीं. एक पक्ष म्हणतो, कर घेऊन सर्वांचा विमा सरकारनेंच उतरावा. दुसरा म्हणतो, खासगी विमा राहूं द्यावा, पण ज्याला हवा त्याला सरकारी विमाही विकत घेतां यावा. तिसरा पक्ष २०१० च्या कायद्याचा: विमा खासगी, परंतु त्याला नियमांची वेसण, आणि गरजूंस हप्त्यासाठीं साहाय्य. चौथा म्हणतो, सरकारनें शक्य तितका कमी हात घालावा. प्रत्येकानें करमुक्त बचत करावी, आपला डॉक्टर आपण निवडावा व त्याचे पैसे आपण द्यावे. यांपैकीं एकही पक्ष मूर्खांचा नाहीं. पहिल्याला समतेची चाड आहे, शेवटच्याला स्वातंत्र्याची. आणि मधल्या दोघांस चालत्या गाड्याची खीळ काढण्याची जी भीति वाटते, तीही विवेकाचीच आहे.

आतां लोकमताचा कौल पाहूं. २०१० च्या कायद्याविषयीं ज्या अनेक पाहण्या झाल्या, त्यांतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली. ज्याला आधींच रोग जडला आहे त्याला विमा कंपनीनें नाकारूं नये, या कलमाला मोठें बहुमत मिळे. परंतु प्रत्येकानें विमा घेतलाच पाहिजे, न घेतल्यास दंड भरावा, या कलमाला बहुमताचा विरोध होई. वस्तुतः हीं दोन्ही कलमें एकाच गाड्याचीं चाकें होतीं. रोग झाल्यावरही विमा मिळणार असेल, तर निरोगी माणूस आज हप्ता कां भरील? आणि केवळ रोग्यांनींच विमा घेतला, तर त्याचा हप्ता कोणास परवडेल? डिसेंबर २०१७ च्या करविषयक कायद्यानें हा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. कित्येकांनीं भाकीत केलें होतें त्याप्रमाणें विम्याचा बाजार कांहीं कोसळला नाहीं. परंतु त्याचें एक मोठें कारण असें कीं, सरकारी साहाय्याच्या रूपानें तो भार करदात्यांवर पसरलेला होता. भार नाहींसा झाला नव्हता. तो केवळ डोळ्यांआड झाला होता. आणखी एक चमत्कार असा कीं, जो कायदा वर्षानुवर्षें निंदेचा विषय होता, तो २०१७ सालीं जाण्याची वेळ येतांच त्याला अनुकूल असणारांची संख्या प्रतिकूलांहून वाढली. त्या वर्षीं २८ जुलैच्या पहांटे त्यांतील प्रमुख कलमें रद्द करण्याची सूचना सेनेटनें ५१ विरुद्ध ४९ मतांनीं फेटाळली.

यावरून लोक अज्ञानी आहेत, त्यांस विचारूंच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. दोष लोकांच्या बुद्धीपेक्षां विचारण्याच्या रीतींत अधिक आहे. ‘तुम्हांला हें हवें काय?’ असें विचारलें कीं माणूस गिऱ्हाइकाच्या नात्यानें उत्तर देतो. ‘याचा भार घेऊन हें हवें काय?’ असें विचारलें तरच तो नागरिकाच्या नात्यानें बोलूं लागतो. स्वित्झर्लंडमध्यें ४ डिसेंबर १९९४ रोजीं सर्वांस मूलभूत आरोग्यविमा सक्तीचा करणारा कायदा मतदारांपुढें आला. हप्ता आपल्याच खिशांतून जाणार हें उघड असतांही शेंकडा सुमारें ५२ मतांनीं तो मंजूर झाला. पुढें २०१४ सालीं, या मूलभूत विम्यापुरती अनेक संस्थांच्या जागीं एकच सार्वजनिक संस्था आणावी, ही सूचना शेंकडा सुमारें ६२ मतांनीं नाकारली गेली. हे दोन्ही निर्णय योग्यच होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तीं खरीं मतें होतीं. कारण देणारांस त्यांचें फळ व त्यांचा भार हीं दोन्ही पत्करावीं लागलीं. भारावांचून दिलेल्या कौलास आम्ही इच्छा म्हणूं, मत म्हणणार नाहीं.

येथें एक आक्षेप संभवतो. जो कष्टाळू व निर्व्यसनी आहे त्यानें दुसऱ्याच्या दारूचें व तंबाखूचें प्रायश्चित्त कां घ्यावें? आक्षेप पोकळ नाहीं, आणि अशा पदार्थांवर जबर कर बसविणें हें त्याला एक उत्तर आहे. परंतु जन्मतःच हृदयांत दोष असलेल्या बालकानें कोणतें पाप केलें? अमेरिकेंत एका वर्षांत उपचारांवर जो खर्च होतो, त्याचा सुमारें निम्मा भाग शेंकडा ५ लोकांवर होतो. त्या पांचांत कोण असेल हें बव्हंशीं शीलावर नव्हे, तर वय आणि दैव यांवर ठरतें. आणि जेथें दैवाचा हात इतका मोठा, तेथें उरलेल्या पंचाण्णवांनीं आपल्या आरोग्यास पुण्याई समजणें, हा आमच्या मतें अहंकार होय.

परदेशाच्या या कथेंत आपलेंही प्रतिबिंब आहे. नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालीं आपल्या अहवालांत असें तत्त्व मांडलें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्यासाठीं कोणीही योग्य उपचारांस मुकूं नये. या तत्त्वास सुशिक्षित घरांतून विरोध झालेला आम्हीं तरी ऐकला नाहीं. तरीही आज पुष्कळ कुटुंबें एका दुखण्यापायीं कर्जांत बुडतात, आणि आम्ही मध्यमवर्गीय स्वतःचा विमा उतरवून, सरकारी रुग्णालयाचें दार पुन्हां पाहावें लागूं नये एवढीच प्रार्थना करतों. आमची संमति खरी आहे. परंतु तिची किंमत आम्हीं अद्याप कबूल केलेली नाहीं.

म्हणून घरीं जेव्हां या विषयाची चर्चा निघेल, तेव्हां प्रत्येक योजनेपुढें दोन प्रश्न ठेवावे, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. या योजनेसाठीं मी स्वतः किती देण्यास तयार आहें? आणि रुग्णालयाच्या रांगेंत मीच शेवटचा उभा असतों, तर ही योजना मला न्याय्य वाटली असती काय? दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें देऊन जो कौल निघेल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्यास मान द्यावयास आम्ही तयार आहों.