एका परिच्छेदाचा माणूस

गरीब देशांतील जीवनाचे चित्रण करणारी कादंबरी वाचून मिटताना आपले मन बहुधा करुणेने भरून येते, आणि आपण करुणामय आहोत या जाणिवेने किंचित सुखावतेही. हे सुख कितपत निर्दोष असते?

जॉइस केरी हे नायजेरियात वसाहतीच्या सरकारचे अधिकारी होते. त्यांच्या १९३९ च्या ‘मिस्टर जॉन्सन’ या कादंबरीचा नायक एक भाबडा, पोरकट आफ्रिकी कारकून आहे. पुढे इबादानच्या विद्यार्थ्यांनी ती वाचली, तेव्हा त्यांना त्यात आपली माणसे दिसेनात. त्यांपैकी एक होते चिनुआ अचेबे. त्यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ १९५८ साली प्रसिद्ध झाली.

अचेबे यांनी स्वजनांची आरती ओवाळली नाही. त्यांच्या इग्बो गावात जुळी अर्भके रानात टाकली जातात. आपण दुबळे ठरू या भयापोटी ओकोंक्वो आपल्याला बाप म्हणणाऱ्या मुलावर स्वहस्ते घाव घालतो. पण त्याच समाजात न्यायसभा भरते, आणि एक वडीलधारा ग्रामस्थ मिशनऱ्याशी ईश्वराच्या स्वरूपाविषयी शांतपणे चर्चा करतो. ब्राऊन नावाचा तो मिशनरी ऐकून घेतो. त्याच्यामागून आलेला स्मिथ ऐकत नाही. दोघेही एकाच शुभवर्तमानाचे सेवक. अंतर आहे ते ऐकण्याचे.

अखेरीस ओकोंक्वो गळफास घेतो. इंग्रज कमिशनर आपल्या संकल्पित ग्रंथाचा विचार करू लागतो: या माणसावर एक प्रकरण लिहिता येईल, प्रकरण नाही, तरी एक परिच्छेद नक्कीच. आपण मात्र त्याच माणसावरचे सबंध पुस्तक नुकतेच वाचलेले असते.

हा शेवट वाचला की मला माझेच एक पत्र आठवते. धर्मग्रामातील एका आदिवासी कुटुंबासाठी मी मदतीचे आवाहन लिहिले होते. गळके छप्पर, अंथरुणाला खिळलेला नवरा, शाळा सुटलेली मुले. शब्दन्‌शब्द खरा होता. मदत पोहोचविताना ते पत्र मी त्या माउलीला वाचून दाखविले. हे सारे खरे आहे, ती म्हणाली. पण पाड्यावरची निम्मी मुले तिच्या हातांवर जन्मली होती, ते का लिहिले नाही, एवढेच तिने विचारले. मजपाशी उत्तर नव्हते. मीही तिला एका परिच्छेदात बसविले होते.

दारिद्र्य झाकून ठेवावे, असे मी म्हणत नाही, तोही अन्यायच. परंतु माणसाची उणीव सांगताना माणूसच गाळला, तर खरे शब्दही असत्याची सेवा करतात. दुःखिताला केवळ दयेचा विषय करणे म्हणजे त्याचे कर्तृत्व आणि त्याचा अपराधही हिरावून घेणे होय. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला ते वाचून स्वतःची ओळख पटेल काय? लेखकाची, आणि देणगी मागणाऱ्या धर्मगुरूचीही, हीच कसोटी आहे.

पुढचे पत्र मी आधी तिला वाचून दाखविले. मगच टपालात टाकले.